खडू, चुनखडी आणि चुना : पांढऱ्या पदार्थांची खरी ओळख

फळ्यावर अक्षर उमटविणारा खडू, न्हाणीघरात घातलेली शहाबादी फरशी, पानाला लावायचा चुना, भिंतीला दिलेली सफेदी आणि पाणी तापवून तापवून बंबाच्या आत साचलेला पांढरा थर, या सर्व वस्तू आपल्या रोजच्या परिचयाच्या आहेत. परंतु त्यांचे एकमेकांशी नाते काय, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. कोणी म्हणेल, पांढरे ते सारे एकच. कोणी म्हणेल, खडू वेगळा, चुना वेगळा आणि फरशी तर दगडच. दोन्ही उत्तरांत थोडे खरे आहे आणि थोडे खोटेही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पांढऱ्या पदार्थांतील हा फरक माहीत नसल्यामुळे लहान मुलांची दृष्टी जाते, कष्टाच्या पैशातून घातलेली फरशी दोन वर्षांत खरबरीत होते आणि एखाद्या बचत गटाचे खडू तयार करण्याचे भांडवल पाण्यात जाते. म्हणूनच खडूचे भौतिक आणि रासायनिक गुणधर्म सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. एक लिंबू, एक लोखंडी खिळा आणि पेलाभर पाणी एवढे साहित्य पुरेसे आहे.

खडू म्हणजे नेमके काय?

खडू हे एकच नाव आपण दोन अगदी वेगळ्या पदार्थांना देतो, ही पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

पहिला पदार्थ म्हणजे निसर्गात सापडणारा खडू. तो चुनखडीचाच एक मऊ, पांढरा, सच्छिद्र प्रकार होय. रसायनशास्त्राच्या भाषेत तो कॅल्शिअम कार्बोनेट आहे. त्याच्या प्रत्येक घटकात कॅल्शिअमचा एक, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. शहाबादी फरशी, संगमरवर, शिंपला आणि कोंबडीच्या अंड्याचे कवच हे सर्व मुख्यतः याच पदार्थाचे बनलेले आहेत.

दुसरा पदार्थ म्हणजे आपल्या शाळांतून सर्रास वापरला जाणारा साचातला खडू. तो जिप्समचा, म्हणजेच पाणी धरून ठेवलेल्या कॅल्शिअम सल्फेटचा असतो. यात कार्बन नाही, त्याऐवजी गंधक आहे. बाजारात ‘डस्टलेस’ या नावाने मिळणारे खडू मात्र बहुधा कॅल्शिअम कार्बोनेटचे केलेले असतात. त्यांचे कण जड असल्याने ते हवेत फारसे उडत नाहीत, खाली पडतात. अशा रीतीने एकाच वर्गात, एकाच डब्यात दोन वेगळे पदार्थ ‘खडू’ या एकाच नावाने नांदत असतात.

समुद्राच्या तळाशी जन्मलेला खडू

निसर्गातला खडू कसा तयार झाला, याची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे. १८६८ साली इंग्लंडमधील नॉर्विच शहरात टी. एच. हक्सले या शास्त्रज्ञाने खडूच्या एका तुकड्यावर एक व्याख्यान दिले. ते विद्वानांच्या सभेपुढे नव्हे, तर कष्टकरी कामगारांपुढे दिले होते. सुताराच्या खिशात असतो तो साधा खडूचा तुकडा घेऊन हक्सले यांनी पृथ्वीचा इतिहास त्या श्रोत्यांना समजावून सांगितला. ते व्याख्यान आजही विज्ञान सोपे करून सांगण्याचा एक आदर्श मानले जाते.

त्यांनी सांगितलेली मुख्य गोष्ट अशी की, खडू म्हणजे समुद्रात राहणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांच्या कवचांचा ढीग होय. हे जीव पाण्यातील कॅल्शिअम घेऊन स्वतःभोवती कवच तयार करतात. ते मेल्यावर कवचे समुद्रतळाशी साचत जातात. युरोपातील खडूचे बरेचसे थर सुमारे १० कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळात असे साचले. पुढे समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि इंग्लंडच्या डोव्हर किनाऱ्यावर दिसतात तसे पांढरे कडे तयार झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी कण कण साचवून डोंगर उभे केले, असेच म्हणावे लागेल.

आपल्या भागातील चुनखडी

सोलापूरच्या मातीत असा खडू मिळत नाही. त्याचे कारण आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात आहे. युरोपात खडूचे थर साचण्याचा काळ संपत आला, त्याच सुमारास, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे प्रचंड थर पसरले. त्यापासून बेसाल्ट हा काळा कातळ तयार झाला आणि बेसाल्ट झिजून आपली काळी माती झाली.

तरीही चुनखडी आपल्याला नवी नाही. विहीर खोदताना किंवा शेत नांगरताना काळ्या मातीत पांढरट, गाठीसारखे खडे निघतात. तेच चुनखडीचे खडे होत. पावसाचे पाणी मातीत मुरताना थोडा चुना विरघळवून घेते. आपल्याकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. त्यामुळे ते पाणी खोल वाहून जाण्याऐवजी वाटेतच सुकते आणि चुना मागे राहून त्याच्या गाठी बनतात. पूर्वी हेच खडे वेचून, भट्टीत भाजून बांधकामाचा चुना केला जात असे. अशा चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते पिकाच्या मुळांना सहजी घेता येत नाही. उसाची किंवा द्राक्षाची कोवळी पाने पिवळी पडतात. शेतकरी त्याला केवडा पडला असे म्हणतात. त्यामागे बहुधा ही चुनखडीच असते.

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालो की कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागते. येथे काळा कातळ संपून भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीचा प्रदेश सुरू झालेला असतो. ही चुनखडी दख्खनच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिचे थर सपाट असल्यामुळे तिच्या लाद्या सहज सुटतात. आपल्या घरातली शहाबादी फरशी ती हीच. शहाबाद-वाडी पट्ट्यात सिमेंटचे कारखाने निघाले, तेही याच दगडाच्या आधारावर. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून, दळूनच सिमेंट तयार होते.

या स्मरणिकेच्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यातून वाहत जाणारी भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळून जाते. तेथील कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलेल्या उत्खननात एक भव्य बौद्ध स्तूप उजेडात आला. त्यातील एका शिल्पपटावर राजा आणि राणी कोरलेले असून ब्राह्मी लिपीत राजा अशोकाचे नाव लिहिलेले आहे. हे शिल्पपट चुनखडीचे आहेत. आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या स्तूपाची जगप्रसिद्ध शिल्पेही चुनखडीतच घडविलेली आहेत. बेसाल्टच्या तुलनेत हा दगड मऊ असल्याने छिन्नीला नाजूक काम करता येते, बारीक रेषा स्पष्ट उतरते. पण मऊपणाची दुसरी बाजूही आहे. आम्लाच्या स्पर्शाने हा दगड झिजतो. म्हणूनच अशा शिल्पांवर काहीही ओतणे, चोळणे किंवा लावणे टाळले पाहिजे.

भौतिक गुणधर्म

पदार्थाची ओळख नावावरून नव्हे, तर गुणधर्मांवरून पटते. दोन्ही प्रकारच्या खडूंचे मुख्य भौतिक गुणधर्म पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. कठीणपणा : खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा श्रेणीत मोजतात. जिप्सम २ आणि चुनखडीतील कॅल्साइट हे खनिज ३ या पायरीवर आहे. माणसाचे नख साधारण अडीचच्या आसपास येते. म्हणून जिप्समच्या स्फटिकावर नखाने ओरखडा पडतो, शहाबादी फरशीवर पडत नाही. मात्र लोखंडी खिळ्याने फरशीवर ओरखडा उमटतो. खडूची कांडी कोणतीही असो, ती नखाने खरवडली जाते, कारण तिचे कण एकमेकांना घट्ट धरून नसतात.

२. घनता : पाण्याची घनता १ मानली तर कॅल्साइटची २.७१ आणि जिप्समची २.३२ आहे. परंतु खडूची कांडी हातात घेतली तर एवढी जड लागत नाही, कारण तिच्यात असंख्य बारीक छिद्रे असून त्यांत हवा भरलेली असते.

३. सच्छिद्रता : खडू पाण्यात टाकला की तो बुडतो आणि त्यातून बुडबुडे निघतात. हे बुडबुडे रासायनिक क्रियेचे नाहीत. छिद्रांत पाणी शिरते आणि आतली हवा बाहेर पडते, एवढेच. पुढील परीक्षेच्या वेळी हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

४. विद्राव्यता : एक लिटर शुद्ध पाण्यात कॅल्शिअम कार्बोनेट सुमारे १४ मिलिग्रॅम एवढेच विरघळते. जिप्सम मात्र सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दीडशे पटींहून अधिक. म्हणूनच चुनखडीचे दगड उघड्यावर शतकानुशतके टिकतात, पण प्लास्टरच्या वस्तू पावसात टिकत नाहीत.

५. रंग : दोन्ही पदार्थ शुद्ध स्वरूपात पांढरे असतात. बारीक कणांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून भुकटी अधिकच शुभ्र दिसते. शहाबादी दगड करडा किंवा हिरवट दिसतो, तो त्यातील मातीच्या व अन्य खनिजांच्या मिसळीमुळे.

फळ्यावर अक्षर का उमटते?

फळा दिसायला गुळगुळीत असला तरी त्याचा पृष्ठभाग बारीक कानशीसारखा खरबरीत असतो. त्यावर खडू ओढला की घर्षणाने कण सुटतात आणि खाचखळग्यांत अडकून बसतात. ही कोणतीही रासायनिक क्रिया नव्हे, म्हणूनच कोरड्या फडक्यानेही अक्षर पुसता येते. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या फळ्यावर खडू घसरतो आणि अक्षर फिकट येते. अशा वेळी दोष खडूचा नसतो, फळा पुन्हा रंगवून घेण्याची वेळ झालेली असते. खडू कधी कधी कर्कश आवाज करतो, त्याचे कारणही घर्षणच. कांडी क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि फळ्याला कंप सुटतो. कांडी मोडून आखूड केली किंवा अधिक तिरपी धरली की बहुधा तो आवाज थांबतो.

लिंबाची परीक्षा

आता रासायनिक गुणधर्मांकडे वळू. कॅल्शिअम कार्बोनेटवर आम्ल पडले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू फसफसून बाहेर पडतो. जिप्समवर साध्या आम्लाची अशी क्रिया होत नाही. खरा भेद ओळखण्याची ही सर्वांत सोपी कसोटी होय.

खडूचा तुकडा कुटून त्याची भुकटी करावी. ती आधी थोड्या पाण्यात भिजवून आतली हवा निघून जाऊ द्यावी. मग जादा पाणी ओतून टाकून त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बारीक बुडबुडे सतत येत राहिले तर तो कार्बोनेटचा खडू. काहीच घडले नाही तर तो जिप्समचा. अशीच परीक्षा अंड्याच्या कवचावर, शेतातल्या पांढऱ्या खड्यावर आणि शहाबादीच्या खरवडलेल्या भुकटीवर करून पाहावी. काळ्या बेसाल्टवर करून पाहिली तर तो स्वस्थ राहतो. मुलांकडून हा प्रयोग करून घेताना आम्हांला नेहमी एक अनुभव येतो. उत्तर आधी सांगितले तर मुले विसरतात, पण स्वतः करून पाहिले तर घरी जाऊन आईलाही दाखवतात.

या गुणधर्माचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. शहाबादी फरशी किंवा संगमरवर असलेल्या न्हाणीघरात ॲसिड ओतू नये. ॲसिड फरशीचा मळ काढत नाही, तर फरशीचा वरचा थरच खाऊन टाकते. ती क्षणभर स्वच्छ दिसते, पण खरबरीत होते आणि मग अधिकच मळ धरते. साबणाचे पाणी आणि घासणी यांवर भागवावे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नये. ब्लीचिंग पावडर ही विरलेल्या चुन्यावर क्लोरिन वायू सोडून तयार केलेली असते. तिच्यावर ॲसिड पडताच तो विषारी वायू पुन्हा मोकळा होतो आणि बंद न्हाणीघरात जीव गुदमरतो.

भट्टी, कळीचा चुना आणि घाणी

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. हिशेब नेमका आहे. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. दगड तेवढाच दिसतो, पण उचलला तर हलका लागतो.

या ५६ किलो चुन्यावर पाणी टाकले की तो १८ किलो पाणी धरून ठेवतो आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. ही क्रिया शांतपणे होत नाही. एवढी उष्णता निर्माण होते की वरचे पाणी खळखळ उकळू लागते. पाणी पिताना चुना फुगतो, भेगाळतो आणि त्याची भुकटी होते.

विरलेल्या चुन्यात वाळू मिसळून बैलाच्या घाणीत तो मळत असत. घाणीच्या गोल चरात दगडी चाक फिरत राही आणि चुना लोण्यासारखा होई. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची जुनी बांधकामे आणि विजापूरचा गोल घुमट ही चुन्याच्या बळावर उभी आहेत. हा चुना भिंतीत गेल्यावर काय होते? तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो. म्हणजे भट्टीत जे गेले, ते परत येते. दगडाचा चुना होतो आणि चुन्याचा पुन्हा दगड. भिंतीला दिलेली सफेदी दुसऱ्या दिवशी अधिक पांढरी आणि पक्की दिसते, त्याचे रहस्य हेच.

शाळेतला खडू कसा तयार होतो?

आपल्या देशात जिप्सम प्रामुख्याने राजस्थानातून येते. ते सुमारे १२० ते १५० अंशांवर भाजले की त्याच्यात धरून ठेवलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातले की गेलेले पाणी ते परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांत लगदा घट्ट होतो. खडूचा उद्योग या एका गुणधर्मावर चालतो.

थोड्या भांडवलात करता येणारा उद्योग म्हणून अनेक तरुण आणि महिला बचत गट खडू तयार करण्याकडे वळतात. त्यांच्यासाठी पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट पाण्याच्या प्रमाणाची. १०० किलो प्लास्टरला घट्ट होण्यासाठी प्रत्यक्षात १९ किलोपेक्षाही कमी पाणी लागते. पण तेवढ्यात ते साच्यात ओतता येत नाही, म्हणून साधारण ६० ते ८० किलो पाणी घालावे लागते. जादा पाणी पुढे उन्हात उडून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. पाणी कमी झाले तर खडू कठीण होऊन फळ्यावर ओरखडतो. पाणी जास्त झाले तर तो हातातच मोडतो. म्हणून अंदाजाने नव्हे, तर मापाने पाणी घ्यावे.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. प्लास्टर हवेतली ओल शोषून घेते आणि मग ते घट्ट होत नाही. पावसाळ्यात उघडी पडलेली गोणी निरुपयोगी ठरते. माल विकत घेताना एक चमचा प्लास्टर पाण्यात कालवून पाहावे. ते वीस-पंचवीस मिनिटांत नखाने दबेनासे झाले तर माल ताजा समजावा.

तिसरी गोष्ट अशी की, तुटलेले खडू कुटून, पाण्यात कालवून नवे खडू होत नाहीत. त्या भुकटीने आपले पाणी आधीच घेतलेले असते, ती पुन्हा जिप्सम झालेली असते. ती पुन्हा भाजल्याशिवाय घट्ट होणार नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्याने पुष्कळांचे श्रम वाया जातात.

पाण्यात लपलेला खडू

सोलापूर शहराला उजनीचे पाणी मिळत असले, तरी अनेक वस्त्यांचा आणि खेड्यांचा भार विहिरी व बोअरवर आहे. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग पडतात. हे जड पाणी होय.

येथेही खडूचे दोन प्रकार आपली पाठ सोडत नाहीत. चुनखडी शुद्ध पाण्यात विरघळत नाही, पण मातीतून झिरपताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि असे पाणी चुनखडीला बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवते. हे पाणी उकळले की वायू निघून जातो आणि चुनखडी तळाशी बसते. बंबातला पांढरा थर तो हाच. या जडपणाला तात्पुरता जडपणा म्हणतात, कारण तो उकळण्याने जातो. पाण्यात जिप्सम विरघळलेले असेल तर मात्र ते उकळूनही जात नाही. त्याला कायमचा जडपणा म्हणतात आणि तो धुण्याच्या सोड्याने कमी करता येतो. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. चादरी आणि टॉवेल यांच्या आपल्या शहरात रंगाईच्या कामालाही पाण्याच्या जडपणाचा विचार करावा लागतो, कारण जड पाण्यात साबण वाया जातो आणि रंग एकसारखा बसत नाही. बंबातला किंवा भांड्यातला थर काढण्यासाठी लिंबूफूल पाण्यात विरघळवून ते रात्रभर भरून ठेवावे आणि सकाळी स्वच्छ धुवावे. ही लिंबाचीच परीक्षा, फक्त कामाला लावलेली.

सावधगिरीच्या तीन गोष्टी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांची. खडू आणि चुना दोन्ही पांढरे, दोन्ही कॅल्शिअमचे. पण खडू सौम्य आहे आणि चुना दाहक आहे. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि नळ्या घरात कोठेही पडलेल्या असतात. मुले त्या खेळायला घेतात, दाबतात आणि चुना फुटून थेट डोळ्यात उडतो. असे अपघात आपल्या देशातील नेत्ररुग्णालयांत वारंवार येतात आणि त्यांत दृष्टी कायमची जाऊ शकते, कारण अल्क डोळ्याच्या आत खोलवर शिरत जाते.

असे घडल्यास क्षणाचाही विलंब न करता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान वीस मिनिटे ते अर्धा तास धुवावा. चुन्याचे कण दिसत असतील तर पाण्याच्या धारेने ते बाहेर काढावेत. डोळा चोळू नये. तूप, मध, दूध किंवा चुन्याला उतारा म्हणून लिंबाचा रस कदापि घालू नये. धुऊन झाल्यावर तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. आधी दवाखाना आणि मग पाणी, असा क्रम करू नये. पहिल्या काही मिनिटांतले पाणीच डोळा वाचवते. आणि चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरी गोष्ट खडू खाण्याची. पुष्कळ मुले, मुली आणि गरोदर स्त्रिया खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा भिंतीचे पोपडे खातात. घरची मंडळी त्यांना रागावतात, मारतात. परंतु ही खोड नसून अनेकदा रक्तातील लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. कॅल्शिअमच्या औषधी गोळ्यांत हाच पदार्थ असतो हे खरे, पण फळ्याचा खडू किंवा भिंतीचा रंग हे औषध नव्हे. अशा वेळी रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात.

तिसरी गोष्ट धुळीची. खडूची धूळ प्राणघातक नाही, पण दमा असलेल्या मुलाला किंवा वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाला ती त्रास देते. फळा ओल्या फडक्याने पुसावा, डस्टर वर्गाबाहेर झटकावे आणि फळ्याजवळच्या मुलांच्या जागा अधूनमधून बदलाव्यात. मात्र सर्वच पांढरी धूळ एवढी सौम्य नसते. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत सिलिका गेल्याने सिलिकोसिस होऊन अनेक जण तरुणपणीच दगावले. खडूची भुकटी आणि सिलिकाची भुकटी डोळ्यांना सारखीच दिसते, फुप्फुसांना ती सारखी नसते. दगड कापणाऱ्या, फरशी घासणाऱ्या आपल्या बांधवांनी पाणी मारूनच काम करावे आणि योग्य मुखपट्टी वापरावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

समारोप

समुद्राच्या तळाशी साचलेली कवचे, भीमेच्या काठचा कोरीव दगड, भट्टीतला कळीचा चुना, घाणीतला गिलावा आणि बंबातला थर ही एकाच पदार्थाची आणि त्याच्या आप्तांची रूपे आहेत. याउलट शाळेत ज्याला आपण खडू म्हणतो, तो बहुधा वेगळ्याच कुळातला असतो. नाव एक असले म्हणून गुण एक नसतात आणि रंग एक असला म्हणून धोका सारखा नसतो.

वाचकांना एवढेच सांगणे आहे की, हे आम्ही लिहिले म्हणून खरे मानू नये. येत्या सुट्टीत घरातल्या मुलांना जवळ बसवावे. एक लिंबू, एक खिळा आणि खडूचे दोन-तीन तुकडे घ्यावेत आणि स्वतः पडताळून पाहावे. त्याच दिवशी घरातली चुन्याची पुडीही मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.